ओठ मिटण्यापुरतं

बुधवारी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, जेवायला बसलो आणि बायकोच्या तोंडात लोखंड दिसलं. ती दीपाला, म्हणजे आमच्या मुलीला, अजून भात घेतेस का म्हणून विचारत होती, तेवढ्यात खिडकीतलं उतरतं ऊन तिच्या वरच्या दातांवर पडलं आणि काहीतरी लखलखलं. मी नीट बघितलं. एकेका दातावर एकेक चौकोनी कडी आणि सगळ्यांतून ओवलेली तार. मी बघतोय हे अंजनाला कळलं. एरवी कुणी बघतंय असं वाटलं की तिचा डावा हात आपोआप तोंडावर जायचा. सोळा वर्षं मी तो हात वर जाताना बघत आलो होतो. त्या दिवशी हात मांडीवरच राहिला. खरं सांगायचं तर मला तारेपेक्षा तेच जास्त लागलं. “काय गं हे?” मी विचारलं. “तारा,” ती म्हणाली. “तारा दिसाय लागल्यात मला. कशाला बसवल्यास?” “दात आत घ्यायला.” “विचारायचं न्हाईस व्हय?” त्यावर तिनं माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, “विचारलं असतं तर काय म्हणाला असता, ते मला माहिती हाय की.” दीपा मध्येच म्हणाली, “पप्पा, दीड वर्ष लागणार हाय. चार दात काढल्यात आईचे, मागच्या महिन्यात.” चार दात. माझ्या घरातल्या माणसाच्या तोंडातले चार दात गेले आणि मला पत्ता नाही. मग आठवलं, मागच्या महिन्यात चार-पाच दिवस ती नुसता ताकभात खात होती, गाल सुजला होता, आणि मी म्हणालो होतो, बरं झालं तोंड आलं, तेवढीच घरात शांतता.

आमचं मार्केट यार्डात गुळाचं दुकान. वडिलांनी मला हिशेब शिकवायच्या आधी माल बघायला शिकवलं. त्यांच्या वेळी सौदा रुमालाखाली बोटं धरून व्हायचा, तोंडानं भाव बोलायची रीत नव्हती. पण रुमाल टाकायच्या आधी जे बोलायचं ते मात्र मोठ्यानं बोलायचं. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कितीही केशरी असो, आधी त्यातली खोट दाखवायची. कडा चिकट आहे, कणी पडलेली नाही, चवीला खारट मारतोय. चार माणसांत खोट दाखवली की शेतकरी निम्मा होतो, आणि निम्मा झालेला माणूस माल परत नेत नाही. अंजनाला बघायला आम्ही गडहिंग्लजजवळ तिच्या गावी गेलो तेव्हाही वडिलांनी तेच केलं. मुलगी बी.एस्सी. झालेली, रंगानं उजळ, बोलायला चांगली. पोहे आले, ती समोर बसली, आणि वडील सगळ्यांदेखत म्हणाले, “सगळं झ्याक हाय, फक्त दात जरा जास्तच पुढं आल्यात.” तिच्या वडिलांनी मान खाली घातली. तिच्या आईनं, जिला ती अव्वा म्हणायची आणि जिचे दात अगदी असेच होते, दाराआड उभ्या उभ्या पदर तोंडाला लावला. मग वडील हसून म्हणाले, “पण आम्ही करून घेणार. आमच्या महावीरला काय अडचण न्हाई.” मला अडचण खरंच नव्हती. उलट मला बरं वाटलं होतं. आपण कुणावर तरी उपकार करतोय ही भावना बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला फार गोड लागते, आणि ती पुढंही कधी आंबत नाही. सोळा वर्षांत आमचं भांडण असं झालंच नाही. वाद वाढायला लागला की मी नुसतं तिच्या तोंडाकडं बघायचो. बोलायचो काही नाही. तिचा हात वर जायचा आणि वाद तिथंच संपायचा.

किसणी हा शब्द माझाच. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत करंज्यांचं सारण चाललं होतं, घरात वीसेक माणसं, आणि कुणीतरी किसणी कुठं आहे म्हणून विचारलं. मी म्हणालो, “आमच्या घरात आता वेगळी किसणी लागत न्हाई.” असा हशा झाला की विचारू नका. अंजनाही हसली, हात तोंडावर ठेवून. ती हसली म्हणून मी पुन्हा म्हणालो. माणूस हसतं म्हणजे त्याला चालतं, असा माझा समज. सोयीचे समज माणूस तपासत बसत नाही. मग तो शब्द घरात रुळला. लग्नकार्यात, दुकानातल्या पूजेला, सहलीत, आमची किसणी कुठं गेली म्हणून मी हाका मारायचो. दीपा चार वर्षांची असताना पाहुण्यांसमोर आईला “ए किसणी, पाणी दे,” म्हणाली. पोरीला माझे दात आलेत, सरळ, ओळीत, मोत्यासारखे. पाहुणे हसले, मी हसलो, आणि अंजनानं पाणी आणून दिलं. त्यावेळी तिच्याकडं बघितलं असतं तर काही दिसलं असतं का, हे मला आता सांगता येत नाही, कारण मी बघितलंच नाही.

तारा लागल्यापासून माझ्या डोक्यात एकच भुंगा शिरला: कुणासाठी? अडतिसाव्या वर्षी बाई उगाच दात नीट करत नाही. मी त्या वर्षभरात काय काय झालं ते आठवून बघितलं. फेब्रुवारीत तिनं नवा मोबाईल घेतला. वैशाखात माझ्या सासूबाई गेल्या. जूनमध्ये तिनं घरी शिकवण्या सुरू केल्या, आठवी-नववीची पोरं येतात, त्यांना न्यायला कधी कधी बाप येतात. पावसाळा संपल्यावर रंकाळ्यावर सकाळी फिरायला जायला लागली, चार बायकांबरोबर. मोबाईलवर मी बरेच दिवस थांबलो, बापांवर थांबलो, रंकाळ्यावर थांबलो. एकदा तर तिची दवाखान्याची तारीख असताना मी गाडी काढून राजारामपुरीत तिच्या मागं गेलो आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर तोंड फिरवून बसलो. ती एकटी आत गेली. पाऊण तासानं एकटीच बाहेर आली, गाल दाबत, डोळे पाण्यानं भरलेले, तार आवळून घेतली होती म्हणून. कोपऱ्यावर थांबून तिनं केळी घेतली आणि रिक्षानं घरी गेली. कुणीही नव्हतं. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. मला राग आला. कुणी असतं तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. ही आपल्या आपणच दुखणं विकत घेऊन, केळी खाऊन, मला न विचारता बदलत चालली होती. खोट काढून टाकलेला माल कुणाचा राहतो, हे मला वडिलांनी शिकवलं नव्हतं.

शेवटी मीच एकदा दवाखान्यात गेलो, ती नसताना. डॉक्टरबाईंचं नाव संघप्रिया, वय पस्तिशीचं, बोलणं मऊ आणि सरळ. पाटीवरचं नाव वाचून, ही आपल्यातल्या डॉक्टरकडं का गेली नाही, असंही मनात येऊन गेलं. मनात काय, काहीही येतं. मी म्हणालो, नवरा आहे, काळजी वाटली, म्हणून आलो. त्यांना ते खरं वाटलं. खुर्चीत बसवून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, प्लास्टिकचा जबडा हातात घेऊन. म्हणाल्या, “धातूच्या तारा असतात, दाताच्या रंगाच्या असतात, आणि आता पारदर्शक ट्रे पण येतात, काढता-घालता येणारे, कुणाला दिसतही नाहीत. मी मॅडमना सगळे दाखवले. पण त्यांचे दात बरेच मागं न्यायचेत, चार काढून जागा करायचीय, त्याला या साध्या तारा खात्रीच्या. दिसतील, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, दिसू देत.” मग त्यांनी सांगितलं की दात सरकतो म्हणजे एका बाजूचं हाड विरघळतं आणि दुसऱ्या बाजूला नवं धरतं. दर महिन्याला तार बदलायची. प्रत्येक वेळी दोन-तीन दिवस ठणका. तोंडात आतून सोलतं, त्याला मेण लावायचं. कडक काही चावायचं नाही. एक कडी तुटली की महिना वाढला. “त्यांना काय पाहिजे, म्हणजे कसं दिसायला पाहिजे, असं काही म्हणाल्या का?” मी विचारलं. डॉक्टरबाई हसल्या. “सगळे हसण्याबद्दल विचारतात. यांनी फक्त विचारलं, ओठ मिटतील का, आपोआप, जोर न लावता.” मला ते काही विशेष वाटलं नाही. मी उठता उठता विचारलं, “आणि एकदा झाले सरळ की झाले कायमचे?” त्या म्हणाल्या, “छे हो. दात जुन्या जागी जायला बघतात. तारा काढल्या की रिटेनर देतो, पारदर्शक साचा. पहिले काही महिने जेवताना सोडून कायम घालायचा, नंतर रात्रीचा, वर्षानुवर्षं. नाही घातला तर हळूहळू परत पुढं येतात.” कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं मी मनात म्हटलं, आणि जिना उतरताना किती दिवसांनी शीळ घातली.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात कडक वस्तूंचा सुकाळ झाला. मी शेंगदाण्याची चिक्की आणली, भाजलेली कणसं आणली, राजगिऱ्याच्या कडक वड्या आणल्या. दीपा खायची, अंजना नुसती बघायची. मग शिवारातला नवा ऊस आला. आमच्यात वर्षाचा पहिला ऊस घरात आला की देवापुढं ठेवून सगळ्यांनी एकेक कांडी खायची, नको म्हणायचं नाही, अशी रीत. मी मुद्दाम चुलत्यांना आणि काकूंना बोलावलं. कांड्या तोडून ताटात मांडल्या आणि पहिली अंजनाच्या हातात दिली. ती म्हणाली, “मी रस काढून पिते की.” मी काकूंकडं बघून म्हणालो, “बघा, नव्या उसाला न्हाई म्हणाय लागली.” काकू म्हणाल्या, “एवढीशी खा गं, शास्त्र असतंय.” तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, कांडी दाढेकडं नेऊन सोलायला लागली, आणि कट् असा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. तिनं तुटलेली कडी जिभेनं पुढं आणली, हातात घेतली, आणि उरलेला ऊस खाल्ला. सगळा. चोथा ताटात ठेवला आणि उठून गेली. पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा तेच केलं, तेव्हा दोन कड्या गेल्या. म्हणजे एकूण तीन महिने. कुणी मला पाषाणहृदयी म्हणेल. पण मला ते करताना आपण वाईट वागतोय असं वाटत नव्हतं, घर धरून ठेवतोय असं वाटत होतं. भीती वाटणाऱ्या माणसाला आपण क्रूर आहोत हे कळत नाही. आणि मी फार भ्यालो होतो, कारण तिचा चेहरा डोळ्यांदेखत दुसऱ्याच कुणाचा तरी व्हायला लागला होता. नाक जास्त दिसायला लागलं. हनुवटी आली. गप्प बसलेली असताना ती आता खरंच गप्प बसलेली दिसायची, पूर्वी ती गप्प असली तरी काहीतरी बोलायच्या बेतात आहे असं वाटायचं, आणि मी तिला, “आता काय?” असं खेकसायचो.

आषाढात तारा निघाल्या. ती संध्याकाळी घरी आली, दीपानं तिला आरशासमोर उभं केलं, दोघी मिळून बघत होत्या. मी दारात. मला काहीतरी बोलायचं होतं, चांगलं बोललो असतो तरी चाललं असतं. तोंडातून निघालं, “झालं का समाधान?” ती आरशातूनच म्हणाली, “व्हय.” त्याच महिन्यात पुतण्याच्या साखरपुड्यात मी सवयीनं हाक मारली, “आमची किसणी कुठं गेली?” कुणी हसलं नाही. नव्या व्याह्यांनी तर इकडंतिकडं बघितलं, खरंच किसणी हवी आहे की काय म्हणून. अंजना समोरच उभी होती. तिनं शांतपणे माझ्याकडं बघितलं, हात वर गेला नाही, आणि मीच खाली बघितलं. त्या दिवसापासून मी मोजायला लागलो, की हे दात परत यायला किती दिवस लागतील.

भाद्रपदात आमचं जैनांचं दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस अंजना एकवेळ जेवते आणि शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, निर्जळी उपास करते. पाणीसुद्धा तोंडाला लावायचं नाही, चूळही नाही. तोंडात काही घालायचं नाही म्हणजे रिटेनरही नाही. तो तिनं सकाळीच निळ्या डबीत घालून बेसिनजवळच्या फळीवर ठेवला आणि मंदिरात पूजेला गेली. दीपा गणपतीच्या मिरवणुकीला. घरात मी आणि ती डबी. उघडून बघितली तर पारदर्शक, हलका, तिच्या दातांचा साचा, आत तिच्या सगळ्या दातांच्या नव्या जागा. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला, डबी तशीच बंद करून ठेवली, आणि गर्दीतून चालत पंचगंगेच्या घाटावर गेलो. तिथं निर्माल्यासाठी मोठी कुंडं ठेवलेली असतात. लोक हार टाकत होते, दुर्वा टाकत होते. मी ती पुडी टाकली. शेजारचा एक पोरगेला स्वयंसेवक म्हणाला, “पावणं, प्लास्टिक न्हाई न्हवं त्यात?” मी म्हणालो, “न्हाई, फुलं हायत.” पर्वाच्या दहाव्या दिवशी खोटं बोललो आणि घरी येऊन निवांत झोपलो. दुसऱ्या दिवशी पारणं झालं. ती बेसिनकडं गेली, डबी उघडल्याचा आवाज आला, बंद केल्याचा आवाज आला. काही म्हणाली नाही. मी वाट बघत राहिलो. दुपारी तासभर बाहेर जाऊन आली आणि रोजच्यासारखी शिकवणीला बसली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. वर्षातून एकदा आम्ही सगळे एकमेकांची क्षमा मागतो. मंदिरात मागतो, दुकानात मागतो, फोनवर मागतो, आणि घरी नवराबायको एकमेकांची. माझी रीत ठरलेली होती: सकाळी अंघोळ करून स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, वर्षभरात कळत-नकळत दुखवलं असेल तर उत्तम क्षमा. ती ओल्या हातांनीच हात जोडायची, तेच म्हणायची, की झालं. चहा उकळायच्या आत वर्षाचं सगळं फिटायचं. त्या सकाळी मी तसंच म्हणालो. अंजनानं गॅस बारीक केला, हात पुसले, माझ्याकडं वळली आणि विचारलं, “कशाची?”

मला कळलंच नाही. “म्हणजे?” “क्षमा मागताय न्हवं? कशाची?” अठरा वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. कुणीच विचारत नाही. विचारायला लागले तर क्षमावाणी दिवाळीपर्यंत चालेल. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं तिला कळलंय, आता लपवून उपयोग नाही, आणि खोटं कशाला, कबूल करून टाकलं की मोकळं होता येईल असंही वाटलं. “ते... रिटेनर मी टाकला,” मी म्हणालो. “माहिती हाय,” ती म्हणाली. “मी पहिल्यापास्नं दोन करून घेतल्यात. एक डॉक्टरबाईंच्यात ठेवलाता, तो काल आणला. घरचं माणूस बघून.” तिनं तोंड थोडं उघडलं, दातांवर तो होताच, काल दुपारपासून होता. “अजून?” मी म्हणालो, “ऊस.” “ते बी माहिती हाय. अजून?” “किसणी म्हणायचो ते.” ती म्हणाली, “ते सगळ्या गावालाच माहिती हाय. अजून?” मी शोधलं. शपथेवर सांगतो, खरंच शोधलं, सगळी वर्षं चाळली, आणि मला काही सापडलं नाही. मी मान हलवली.

“अव्वाला अंघोळ घालून बाहेर ठेवलतं,” ती म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. “हनुवटीखालनं पट्टी बांधली तरी ओठ मिटंनात. काकी हातानं मिटवायची, सोडलं की दात परत बाहेर. तुम्ही गुंडूअण्णाच्या शेजारी उभं हुता. त्याच्या कानात काय म्हणालासा?” मला आठवेना. मग आठवलं, सगळं एकदम आठवलं, वैशाखातलं ते ऊन, अंगणात पांढरी चादर, तिच्या चुलतभावाच्या, गुंडूअण्णाच्या, डोक्यावरचा टॉवेल. मी म्हणालो होतो, “सासूबाई अजून हसाय लागल्यात. तुम्ही मेलायसा म्हणून कुणीतरी सांगा की त्यांना.” गुंडूअण्णानं हसू लपवायला टॉवेल तोंडात कोंबला होता, आणि भर उन्हात ताटकळत उभं असूनही मला जरा बरं वाटलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. घरी यायच्या आत विसरूनही गेलो होतो. “तू ऐकलंस?” मी विचारलं. “तुमच्या मागंच उभी हुते.”

“म्हणून तारा बसवल्यास?” मी म्हणालो. “मला वाटलं...” काय वाटलं ते मी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, आणि ते तिला माहीत असणारच.

“हसायला न्हाई बसवल्या मी,” अंजना म्हणाली. “माझं आधी काय झालं तर तिथं तुम्हीच असणार की.”

एवढं बोलून तिनं ओठ मिटले. मी बघितलं. जोर न लावता, अगदी पुरते मिटत होते.